वजनकाटा, कळंबोली

रात्री पावणेदोनला भोईरांचा फोन :
पावती येत नाही. सात ट्रेलर उभे आहेत,
हॉर्न ऐका.
ऐकतो. महापेत, दुसऱ्या मजल्यावर,
एसीच्या थंडीत मफलर गुंडाळून.

पिंग टाकतो.
अकरा मिलिसेकंदांत उत्तर येतं,
शिळफाट्याच्या कोंडीत न अडकता.
म्हणजे मशीन जिवंत आहे.
पण युनिक्स म्हणतं, प्रिंटर थांबवलेला,
नऊ पन्नासपासून. कारण द्यायच्या जागी रिकामं.
रांगेत एकतीस पावत्या.
गाड्या सात, पावत्या एकतीस?
"मी बटण दाबत राहिलो," भोईर म्हणतात.

एकेक ठेवतो, बाकीच्या पुसतो.
"प्रिंटर कुणी हलवला?"
"हलवला नाही, बदलला. जुना फार खोकायचा.
शेठनी नवा आणून बसवला,
तुम्हाला सांगायचं राहिलं."
पत्ता तोच, नाव तेच,
घरात भाडेकरू वेगळा.

रांग सोडतो. भोईर फोन ठेवत नाहीत.
आधी घरघर, मग त्यांचं गप्प होणं.
"आलं का?"
"आलं. पण साहेब,
अक्षरं जिना उतरतायत."
पहिली ओळ डावीकडे,
दुसरी तिच्या टोकाखालून सुरू,
तिसरी आणखी पलीकडे,
चौथीतला गाडी नंबर
कागदाच्या कडेवरून खाली पडला.

आमचं युनिक्स ओळ संपली की म्हणतं, खाली ये.
मागे ये, म्हणत नाही.
जुन्याला ते न सांगता कळायचं,
चौदा वर्षं होता.
नव्याला सांगावं लागणार.
फिल्टरमध्ये एक अक्षर घालतो, न दिसणारं,
दर ओळीच्या शेवटी :
मागे ये. जिथून निघालास तिथे, डाव्या कडेला.

"वाचा."
शाळेत उभं राहून वाचावं तसे भोईर वाचतात :
भरलेली एकोणचाळीस टन आठशे दहा,
रिकामी चौदा टन दोनशे,
निव्वळ –
थांबतात. मी मनात वजा करतो, तेही करत असणार.
"पंचवीस सहाशे दहा,"
दोघंही एकदम.

मग एकेक ट्रेलर सुटल्याचा आवाज.
जिन्याची पावती त्यांनी फाडली नाही,
काट्याच्या खोलीत खिळ्याला टोचलीय.
मी ती पाहिलेली नाही,
आणि भोईरांनाही.

"एक राहिलं," ते म्हणतात.
"चार पावत्यांवर कालची तारीख आलीय.
चालेल ना?"