क्लोरीन उडेपर्यंत

अस्नोड्याला नदी जिथून आत घेतो
तिथे एक जाळी आहे,
रात्रपाळीला ती उपसायचं काम माझं.
पानं, पिशव्या, एकदा डाव्या पायाची चप्पल.
एकदा हे:
बोटभर, काचेसारखं आरपार,
आणि अंगाहून लांब दोन हात
माझ्या टॉर्चवर रोखलेले.

सावियो म्हणाला, सुंगट रे,
दोन आमसोलं घाल नि—
मी भाजीचा डबा विसळला,
त्यात ओंजळभर गढूळ नदी घेतली
आणि सकाळच्या बसने मांडीवर घरी आणलं.

टाकी तन्वेशची. दोन फुटी.
म्हापशाच्या शुक्रवारातले अकरा गप्पी,
एक प्लास्टिकचा किल्ला.
सुंगट किल्ल्यात शिरलं.
पहिल्या रात्री काहीच झालं नाही.
दुसऱ्या सकाळी एका गप्पीला शेपूट नव्हती.
मग दहा. मग सात.
दिवसा ते हात दुमडून बसायचं,
जणू देवळाच्या पायरीवर
चपला राखणारा कोणी.
रविवारपर्यंत गप्पी गप्प झाले.

तन्वेश रडला नाही.
वहीत लिहिलं: अकरा वजा अकरा.
खाली रेघ मारली. रेघेखाली: एक.

बायको म्हणाली, श्रावण संपू दे,
खोबरं मी वाटते.
थट्टाच असणार असं धरून मी चाललो.

मग मी दुसरं आणलं.
एकटं आहे, सोबत हवी,
असं माणसाला वाटतं.
दोघं दोन कोपऱ्यांत उभी राहिली,
बांधावर दोन भाऊ
मोजणीदाराची वाट बघतात तशी.
मी जेवून आलो तोवर
वाळूत एक हात पडला होता,
निळसर, सांध्यातून सुटलेला,
चिमटा अजून मिटलेला.
हरलेल्याला त्याच रात्री परत नेलं,
जाळीच्या खालच्या अंगाला सोडलं,
पुन्हा माझ्याच हाती यायला नको.
हात परत उगवतो म्हणतात.
माहीत नाही.
तुटलेला हात पहाटेपर्यंत
टाकीतूनही नाहीसा झाला होता.

अर्ध्या बार्देशाला मी क्लोरीन पाजतो.
आकडा बघतो, रजिस्टरात लिहितो, सही करतो.
ह्याच्यासाठी मात्र न्हाणीघरात
एक बादली रात्रभर उघडी ठेवतो,
पाण्यातलं माझं काम
उडून जाईपर्यंत.

चवथीच्या आदल्या रात्री
घरभर नेवऱ्यांचा वास,
माटोळीला सुपारीचे घोस बांधत मी स्टुलावर,
आणि वरून दिसलं ते मेलेलं.
डोळे, मिश्या, दोन्ही हात, सगळं जागच्या जागी.
पाठ उसवलेली. आत कोणी नाही.
खरं सांगतो, सुटलो असं वाटलं.
काढायला हात घातला
तर किल्ल्यामागे काही हललं:
तेच होतं,
भिजल्या तांदळासारखं मऊ,
हात पोटाखाली ओढून घेतलेले.
अकरा जीव आणि एक हात खाणारं ते
काचेवरून सरकणाऱ्या
एका गोगलगायीला भीत होतं.

तन्वेश ओरडला, बाबा, काय झालं, दाखव.
मी म्हटलं, उद्या.
खांद्यावरचा पंचा काढून टाकीवर टाकला,
दिवा बंद केला,
आणि उरलेली माटोळी अंधुकात बांधली,
दोन घोस वाकडे लागले.

चवथ झाली. श्रावण केव्हाच संपला होता.
खोबऱ्याचा विषय निघाला नाही.
उलट ताट घासायच्या आधी
बायको दोन शितं टाकीत टाकताना दिसली,
मला बघून म्हणाली, पडली.

त्याने आपली कात खाल्ली,
आधी हात, मग बाकीचं.
आठव्या दिवशी पाणी बदलताना
माझा अंगठा धरला.
थोडं रक्त आलं.
बरं वाटलं.