पुढची सभा भांगाला ठेवा

ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यात, समाजमंदिराच्या
हिरव्या भिंतीवर आम्ही प्रोजेक्टरने खाडी पाडली.
भिंतीला पोपडे आलेले. एक पोपडा नेमका
संरक्षित क्षेत्राच्या मध्यावर.
लाल म्हणजे बंदी, पिवळा म्हणजे परवान्याने,
निळा म्हणजे चाललंय तसं चालू द्या.
रंग माझे. मीच भरलेले, तिसऱ्या मजल्यावर,
एसीत, स्वेटर घालून.
इथे माझा पिवळा पोपटी दिसत होता.

साहेब म्हणाले, विचारविनिमय करायला आलोय.
मागून कुणीतरी म्हणालं, विचार झालेला दिसतोय, विनिमय राहिलाय.
सगळे हसले. साहेबही हसले, जरा उशिरा.

जनार्दन तांडेल उठून भिंतीपाशी गेले.
त्यांच्या सदऱ्यावर खाडी पसरली, पाठीवर तिवरं उगवली.
"यात येसूची कोंड कुठंय? सुनेचा खुंट?"
माझ्याकडे अक्षांश होते.
मी ते वाचून दाखवले, दशांशाच्या सहा स्थळांपर्यंत.
ते ऐकून घेतलं त्यांनी,
दुसऱ्याच्या घरचं लग्न ठरल्यासारखं.

केतनला लाल पट्टा हवाय.
रोहित पक्षी बघायला माणसं येतात, शनिवारी त्याच्या होडीला जागा नसते.
त्याच्या चुलतभावाला नकोय:
तुझ्या इंजिनानं माझी बोईटं पांगतात.
आई दोघांची वेगळी, आजी एक. ती मधल्या खुर्चीत,
कुणाकडेच न बघता.

कंपन्यांचा नाला दाखवलाय का, कुणी विचारलं.
तो विषय दुसऱ्या खात्याचा, साहेब म्हणाले.
पाणी पण?
चहा आला तेवढ्यात.

माझ्या यादीत बेचाळीस होड्या होत्या, नंबरांसह.
चिखलात उतरून हातानं वेचणाऱ्या बायांसाठी
रकानाच नव्हता.
पोशीबाय दाराशी बसलेली, खुर्चीत नाही,
पायांचा गाळ वाळत आला होता, पोटऱ्यांवर भेगा धरून.
"माजी होरी नाय," ती म्हणाली. "माजे पाय हायेत.
पायांचा लायसन कंचे हापिसान भेटतो?"

मी तिच्या हातात लेझरचा दिवा दिला.
लाल ठिपका छतावर गेला, पंख्यावर, तांडेलांच्या कानावर,
मग थरथरत माझ्या निळ्या रंगात येऊन थांबला.
"ह्यो बंद करा."
साहेबांना वाटलं चुकून बोलली.
"मोरीचे तोंडाशी श्रावनान जिताऱ्याची पिल्ला येतान, बोटाएवरी.
तवा आमी तथं पाय नाय टाकत. माजी आयेस पन नाय टाकाची.
आन ह्यो तुमचा लाल, ह्यो थंडीन उघरा ठेवा,
तथं निवट्या भेटतान."
मग दिवा परत करत,
"तुमी ईचारला नव्हता, म्हून सांगला नाय."

माझ्या सॉफ्टवेअरमध्ये रेषा ही रेषा असते.
श्रावणात मिटणारी, थंडीत उघडणारी
त्यात काढता येत नाही.
हजेरीच्या कागदामागे पेन्सिलीने काढली मी,
तुटक. तरी ती मला
दिवसभरातली सगळ्यात पक्की वाटली.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. पुढची सभा चौदा तारखेला,
सकाळी अकरा, सर्वांनी उपस्थित राहावे.
पोशीबायचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत गेला.
"ते दिशी अवस. मोठा उधान. कोन येल?
सगली खारीन असतान.
भांगाला ठेवा."

साहेबांनी डायरी चाळली.
मी फोन उघडला: घराचा हप्ता, भावाचा वाढदिवस,
दंतवैद्य.
चंद्र कुठेच नव्हता.

"अष्टमी कधी?" मी विचारलं.
दाराशी तीन-चार जणी एकदम म्हणाल्या, बावीस,
आणि उठल्या.
पाणी उतरायला लागलं होतं.