डागडुजी

काटा शून्यावर होता. अकरा वर्षं शून्यावर.
रोमाल्द मास्तरांची फियाट अकराशे,
रंग कच्च्या पेरूच्या गरासारखा,
शून्यावरच फेरीबोटीत चढायची, शून्यावरच उतरायची,
आणि दिवाडीच्या टेकडीवर
कुणाकुणाला मिस्सेला पोचवायची शून्यानेच.
"चलता मरे," मास्तर म्हणायचे,
"तो काय बोलतो ते ऐकू नये."

बेटावर पंप नाही. म्हणून डिकीत काठी:
बांबूची, चार खाचांची.
लिटर त्यांनी कधी कोरले नाहीत.
पहिली खाच फेरी, दुसरी म्हापसा, तिसरी मडगाव,
चौथी बेळगाव;
तिथवर पेट्रोल कधी चढलंच नाही.

यंदा काठीला खालून वाळवी लागली.
अंगठाभर आखूड झाली,
आणि आखूड काठी टाकीत जास्त पेट्रोल दाखवते.
म्हापशाएवढं आहे म्हणून निघालेले मास्तर
खाजनाच्या बांधावर थांबले,
दोन्हीकडे कोर्गुटाची शेतं, मधे गाडी, गाडीत मास्तर.

तेव्हा मला माशेलहून बोलावणं आलं.

चावी फिरवली. टाकीवरची वायर काढली,
उघडं टोक बॉडीला टेकवलं.
काटा हलला.
दुपारच्या झोपेतून कुणी उठावं तसा, कण्हत,
पाव, अर्धा, भरलेली.
मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
कोरड्या टाकीवर भरलेली!
म्हणजे काटा शाबूत, वायर शाबूत.
बिचाऱ्याला खालून कुणी काही सांगतच नव्हतं.

वाटलं, अर्थ लागत नसेल.
बोललो आणि मलाच हसू आलं.
गंज खरवडला, नवी तार आवळली, अर्थ लागला.
टाकीत डबाभर ओतून पाहिलं,
काटा तरी शून्यावर.

मग सहा स्क्रू. पाच निघाले, सहावा मोडला.
दांडीच्या टोकाला पितळी तरंगा, लिंबाएवढा.
कानाशी हलवला: आत चुळुक.
ज्याने तरंगायचं
तोच पिऊन तळाला बसलेला.

मास्तरांच्या चहाच्या टोपात कढत पाणी घेतलं,
तरंगा दाबून धरला. बुडबुडे आले,
एकाच जागेवरून, मोहरीएवढे.
तिथे एक जुना डाग होता,
शेपूट डावीकडे वळलेलं.
असा डाग एकच माणूस द्यायचा,
माझा शाणू मेस्त, डावरा, एका भुवईचा.
त्याने ही गाडी कधी हाताळली, मला आठवत नाही.
बहुधा बॅटरी मीच धरली असेल
आणि लक्ष दुसरीकडे असेल.

डाग म्हणजे कलंक, डाग म्हणजे दागिना,
भाजल्याची खूणही डागच,
आणि फुटकं बुजवतो तोही.
शाणू मेस्ताकडे यांतले तीन होते. दागिना नव्हता.
"वास जाईस्तोवर तापवू नकोस," एवढंच त्याने शिकवलं,
भुवई कुठे गेली ते न सांगता.

तरंगा रिकामा केला. वास जाईस्तोवर बलकांवावर बसलो.
दोन तास. भरती आली,
मानशीचं दार पाण्याच्या रेट्याने आपणहून मिटलं.
त्याला ना वायर, ना काटा.
मास्तर त्याच्याकडे बघत राहिले, मी तरंग्याकडे.
मग शाणूच्या शेपटीला लागून माझा डाग दिला,
ओबडधोबड, उजवीकडे वळलेला.

संध्याकाळी फेरीत दोघेच होतो.
काटा पावावर, खराखुरा पाव.
इंजिन बंद केलं तसा तो शून्यावर निजला.
"पळय! परत गेला."
"चावी, मास्तर."
चावी फिरवली, उठला. बंद केली, पडला.
परत उठवला. परत पाडला.
अर्धी नदी ओलांडली तरी हे चालूच;
पलीकडे पोचेपर्यंत हा माणूस बॅटरी उतरवणार.

मजुरी विचारली तेव्हा म्हटलं,
पैसे राहू देत, ती काठी द्या.
आता तिचा उपयोग काय.

नाही म्हणाले.