बटाट्याचं पाणी

शनिवारी रात्री गोदेलीव्ह बटाटे सोलायला बसते.
पोपरिंगेच्या बाजारातले, पिवळट, अजून माती लागलेले.
पूर्वी फोडी असायच्या फिर्मिनच्या बोटाएवढ्या,
आणि त्याची बोटं तर
चाळीस वर्षं हॉप्सच्या वेली तारेवर चढवणारी.
आता पेन्सिलीएवढ्या.

"सगळं सत्त्व सालीत असतं,"
शाळेत सिस्टरनी शिकवलं होतं.
त्या एका वाक्यावर तिने चार मुलं वाढवली.
आता इस्पितळातली लीस्बेट, तिच्या नातीच्या वयाची,
कागदावर लिहून देते:
साल नको. बारीक चिरा. रात्रभर भिजवा.
पाणी फेका. उकळा. तेही फेका. मग तळा.
मूत्रपिंडं दमलीत, आजी,
पोटॅशियम साचलं तर हृदय बंद पडेल.
आणि मीठ अजिबात नाही.
तेल?
तेल चालेल, वजन उतरतंय त्यांचं.

साऱ्या जगाला तेलाची भीती,
आणि हिच्या घरात तेवढंच निर्दोष सुटलं.

गोदेलीव्ह परातीत पाणी ओतते.
फोडी तळाशी जातात, पाणी दुधाळ होतं.
ज्यावर पाणी सोडायचं
ते पाण्यातच सोडायचं, इतकं सोपं.
सकाळी ती परात उचलून
मागच्या दारच्या हायड्रेंजियाला घालते.
यंदा झुडूप खिडकीच्या वर गेलंय.
"माझंच आहे ते सगळं,"
फिर्मिन खुर्चीतून म्हणतो,
"काय फुललोय बघ."

रविवारी दोनदा तळण.
एकदा आतून शिजायला,
एकदा नाव राखायला.
मधल्या वेळात फोडी फडक्यावर निपचित,
जणू त्यांनाच उद्या यंत्राला जोडायचंय.
सोमवारी सहाला गाडी येते.

ताटात चोवीस. तो मोजतो.
मीठ नाही, व्हिनेगरचे चार थेंब.
"बटाट्यासारखं लागतंय का?" ती विचारते.
तो बराच वेळ चावतो.
"बटाट्याच्या भावासारखं."
मग एक तिच्याकडे सरकवतो, तेविसावी,
चोविसावी स्वतःसाठी ठेवून.

तो डुलकी घेतो तेव्हा
ती स्वयंपाकघरात उभ्याउभ्या
उरलेल्या तेलात साली सोडते.
चुरचुर आवाज. वर जाड मीठ,
दोन चिमटी, मग तिसरी.

"काय खातेस?" आतून.
"काही नाही."

थोडा वेळ शांतता.
"हळू चाव," तो म्हणतो,
"ऐकू येतंय."