मागावर

वडगावात, माग चालू असलेल्या खोलीतच
लॅपटॉप मांडीवर. खटक्यासरशी पडदा हलतो.
चारशे बारा लुगडी,
नावं कॅमेऱ्यानं ठेवलेली, नुसते आकडे.

रंगांची गाळणी लावून पाहिली.
सकाळी टिपलेलं एक लुगडं निळ्यात गेलं,
तेच, दुपारी दारात धरलेलं, हिरव्यात.
निंगव्वा काचेवर बोट टेकते:
"धूपछाव की गं ते. उभा निळा, आडवा हिरवा.
कुठं घालुलालीस त्याला?"
दोन्हीकडे, म्हटलं.
कपाटात जमत नाही ते इथं जमतं.
तिला पटलं नसावं. धोटा जरा जोरात गेला.

आमसुली, वांगी, राघू, अबोली...
माझ्या यादीत सोळा रंग होते,
चहा निवेस्तोवर तिनं सत्तावीस सांगितले.

कुणी शापुरी लिहील, कुणी शहापुरी,
कुणी तेच कानडी अक्षरांत.
तिन्ही वाटा एकाच फळीवर आणून सोडल्या.
पाट्यांचं बघतील पाटीवाले.

"स्वस्त आधी" हा क्रम देसूरकर शेटजींनी मागितला.
दिला.
निंगव्वाचं सहा दिवसांचं काम
त्यासरशी तळाला गेलं.

काल चाचणीत मावसभावानं शोधलं:
आईचं होतं तसं, काठावर रुईफूल.
उत्तर शून्य.
त्या कोऱ्या पानासाठी मी लिहून ठेवलेलं,
काही सापडलं नाही.
तिनं ते वाचून घेतलं, पाय पावडीवर तसाच.
"नाही कशाला?
मागावर हाय म्हणून ल्ही."