परवाना

सिॲटल विमानतळ, पहाटेचे चार.
वेंडेल ॲश्बी घुबडं मोजायला
मंगोलियाला निघालाय.
पेटीत लोकरी मोजे, टेप,
अंधारात बघणारी दुर्बीण.

'परवाना?'
अर्ज मार्चमध्येच केलाय. उत्तर नाही.
'विकायची नाहीये हो, परत आणणार.'
'सीमा ओलांडली की ती निर्यातच.
तिथं कुणाला नुसती डोळ्याला लावू दिलीत,
तरी.'
पावती घडी करून तो खिशात ठेवतो.

अकराव्या रात्री, खेंतीच्या उतारावर
यजमानाची सारनाई बाही ओढते: तिकडे!
त्याला मिट्ट काळोख.
ती हनुवटी धरून त्याची मान वळवते,
जराशी.
आता ऐकू येतं.

वहीत तो लिहितो: एक.
'उपकरण' या रकान्यापाशी
शाई थंडीनं अडते. झटकून लिहितो:
सारनाई, वय नऊ.