शेरा

रात्री दहा ते सकाळी सहा. वडगावच्या सबस्टेशनात
मी, एक खुर्ची, चार फीडर
आणि खडीवरनं फिरणारं, कुणाचंच नसलेलं मांजर.
तासाला एकदा उठायचं, अँपिअर वाचायचे, मांडायचे.
सोळा वर्षं झाली.

तुम्ही काय करताय ते मला दिसत नाही,
किती करताय तेवढं दिसतं.
साडेदहाला मालिका संपतात, काटा सैल पडतो.
ज्या पहाटे नळाला पाणी असतं त्या पहाटे
साडेचारलाच मोटारी लागतात सगळ्यांच्या,
पाणी आलं हे मला बायकोच्या आधी कळतं.

अलीकडं एक नवीनच बघतोय.
दोनशेपर्यंत फुकट झाल्यापासून
गल्ल्या आपणहून मिटून बसतात.
रीडर बसवंत चौदा तारखेला खासबागेत येतो,
दहापासनंच तो फीडर चार अँपिअर खाली.
पंधराला इस्त्र्या, मिक्सर, आठवड्याचं साठलेलं धुणं,
सगळं एकदम.
एकशे नव्व्याण्णव आणि दोनशे एक
यांच्यात फरक दोन वाट्या चटणीचा,
बिलात मात्र अख्खं बिल.

आमच्या उचगावातली शालन सांबरेकर
पावती घेऊन दारात आली.
कानडी आकडे नव्हते, पण कानडी अक्षरं होती.
"माझ्या वाट्याला चव्वेचाळीसच कसं ओ, भावजी?"
सांगितलं, गेल्या सालाची सरासरी, वर दहा टक्के.
तुमची सरासरी चाळीस.
थोडा वेळ तिनं कागदाकडं बघितलं.
"म्हणजे मी लाइट बंद करत बसलो, ते चुकलंच की."
शेजारी टीव्ही रिकाम्या खोलीशी बोलत असायचा.
त्यांना एकशे साठ.
ज्यानं कमी खाल्लं
त्याचं ताटच लहान धरलं.
मी काय बोलणार? चहा घ्या म्हटलं.

गजानन गुंजेरीचे आठ माग होते, आता चार.
रात्री दीडला फोन करतो, करंट जाऊन नव्हे, झोप येऊ नये म्हणून.
"रात्रीचं करंट स्वस्त असतं म्हणे?"
मोठ्या कारखान्यांना, म्हटलं. तुला नाही.
"मग मी कशाला जागूलोय?"
दिवसा व्होल्टेज पडतं, तुझा धागा तुटतो. म्हणून.
तो हसला. मागे माग चालूच होते,
खटक् खटक्,
एकेक खटका मोजून त्याच्या खात्यावर चढत होता
आणि थोडा माझ्या रजिस्टरात.

भिंतीवर दोन घड्याळं आहेत.
एकात वेळ. दुसऱ्यात पन्नास.
एकोणपन्नास पूर्णांक नव्व्याण्णव, पन्नास पूर्णांक शून्य तीन,
असं हलत राहतं रात्रभर.
तुम्ही सगळ्यांनी एकदम गिझर लावले की ते घसरतं,
मग कुठंतरी घाटात पाण्याचं एक दार उघडतं
आणि कुणीतरी कुठंतरी त्या पाण्याचा पंधरा मिनिटांचा भाव ठरवतो.
सुट्टीदिवशी गच्चीवर उभा राहिलो की शिनोळीचे दिवे दिसतात.
तिकडं कंपनी वेगळी, दर वेगळा,
बिल वाचता येतं आम्हाला, म्हणून लोक तेवढ्यावरच खूश.
पण हा पन्नासचा आकडा दोन्हीकडं एकच,
त्याच क्षणी, त्याच दशांशापर्यंत.
वादाच्या सभेत हे सांगावं असं एकदा वाटलेलं.
माईक बंद होता त्या दिवशी. लाइट नव्हती.

परवा चौदा तारीख आमच्या गल्लीचीही होती.
अकरा हजार व्होल्ट सांभाळणारा मी
खुर्चीतनं घरी फोन लावला: किती झालं?
"एकशे शह्याण्णव," ती म्हणाली. "फॅन बंद करून पडलोय आम्ही."
खिडकी उघडा म्हटलं.
"डास."

रजिस्टरात शेवटचा रकाना असतो.
कानडीत षरा, आमच्यात शेरा. शब्द एकच,
कुणी कुणाकडनं घेतला कोण जाणे, बिल कुणाला आलं नाही.
तीनचे आकडे मांडले.
शेऱ्यात लिहायला घेतलं: उकाडा आहे, लोक जागे आहेत,
तरी लोड कमी.
मग खोडलं. वरच्या साहेबाला ते विचारायला लागलं असतं.
नेहमीचं लिहिलं, निल.
मांजर खुर्चीवर येऊन बसलेलं होतं.
चार वाजेपर्यंत उभाच राहिलो.